पळीभर माडगं

आईने दीक्षा घेतली त्या आठवड्यापासून निपाणीच्या बसने येणारा माझा डबा बंद झाला.

डबा सोमवारी यायचा. आई तो पहाटे भरायची, आप्पा स्टँडवर नेऊन द्यायचे आणि कंडक्टर भरमूमामा तो बेळगावात माझ्या हातात ठेवायचे. त्या सोमवारी त्यांनीच फोन केला.

"काय गं अनुराधा, डबा न्हाय आला आज. आईला बरं न्हाय काय?"

"आईनं दीक्षा घेतली, मामा. आर्यिका झाली."

मागे गाडीचं इंजिन चालू होतं. "असं व्हय," ते म्हणाले. "लई मोठी गोष्ट झाली." मग म्हणाले, "आनि आता तू जेवनार काय?"

आर्यिका म्हणजे आम्हा दिगंबर जैनांमधली साध्वी. एक पांढरी साडी, मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, याखेरीज तिच्याजवळ काही नसतं. फोन नसतो, ताटवाटी नसते. दिवसातून एकदा ती कुणाच्या तरी घरी बसून ओंजळीत जेवते आणि पायी पुढच्या गावाला जाते. लग्न झालेल्या बाईला दीक्षा घ्यायची तर नवऱ्याची संमती लागते. आप्पांनी मंडपात उभं राहून "माझी हरकत न्हाय" असं सांगितलं. माइक त्यांच्या तोंडापासून लांब होता, म्हणून त्यांना ते पुन्हा एकदा सांगावं लागलं.

आईचे केस उपटायला सुरुवात झाली तेव्हा अक्काताई आत्या पदराने तोंड दाबून रडत होती. मी बघत होते. केस मुळापासून निघताना अगदी बारीक आवाज येतो, शिवण उसवताना येतो तसा. मला रडू आलं नाही. घरी गेल्यावर येईल असं वाटलं, मग बेळगावला पोहोचल्यावर येईल असं वाटलं. आलं नाही. शेजारच्या बायका आत्याला म्हणाल्या, "पोरगी लई घट्ट हाय गं तुमची." त्यांना ते कौतुक वाटत होतं की तक्रार, हे मला कळलं नाही.

मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आहे आणि उद्यमबागेतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत खाण्याच्या पदार्थांचे नमुने तपासते. पिठातला ओलावा, तिखटातली राख, तेलाचा खवटपणा. राहते टिळकवाडीत, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत. डबा बंद झाल्यावर काही दिवस मेसला गेले. मेसमधलं जेवण वाईट नव्हतं. पण जेवून परत आल्यावर आपण काय खाल्लं हे मला आठवायचं नाही, आणि ते मला विचित्र वाटू लागलं. मग खडेबाजारात जाऊन कुकर, परात, लोखंडी तवा आणि पळी आणली.

शिकायला सुरुवात वरणभातापासून केली. कुकरमध्ये डाळ जास्त भरली की फेस शिटीतून बाहेर येतो. मीठ आणि चिंच आधी घातली की डाळ शिजायला वेळ लावते. भाकरीबद्दल मला आधीपासून माहीत होतं: ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून पिठाला कढत पाणी लागतं, त्याने स्टार्च चिकट होतो आणि भाकरी एकसंध राहते. हे सगळं माहीत असूनही भाकरी परातीतून तव्यावर जाताना दुमडायची. दुमडलेली भाकरी मी तशीच भाजून खायचे. चवीला ती भाकरीच असते.

माझ्या शेजारच्या टेबलावर रचना काम करते. ती खानापूरकडच्या एका गावातली, घरी भातशेती. ती माझा डबा उघडून बघायची आणि त्यावर निकाल द्यायची.

"ही भाकरी हाय का नकाशा?"

"चव बघ."

"चव बरी हाय. पन नकाशाच हाय."

पावसाळ्यापर्यंत भाकरी गोल व्हायला लागली. दोडक्याची भाजी, मटकीची उसळ, कटाची आमटी, शेंगदाण्याची चटणी जमली. पाककृती फोनवर मिळत होत्या, प्रमाण लिहिलेलं असायचं, मी वजनकाट्यावर मोजायचे. जमलं नाही ते एकच, हुलग्याचं माडगं.

माडगं म्हणजे फार काही नाही. हुलगे, म्हणजे कुळीथ, भाजायचे, दळायचे, ते पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं आणि गूळ घालून आटवायचं. थंडी पडली की आई डब्याच्या तळाच्या कप्प्यात ते द्यायची. मला ते विशेष आवडायचं असंही नाही. बऱ्याचदा मी ते सगळ्यात शेवटी, इतर काही उरलं नाही की खायचे. पण आता मी केलेलं माडगं आणि ते माडगं यांत फरक होता, आणि फरक कशामुळे पडतो हे सापडत नाही म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेना. मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. गूळ कमी केला, गूळ बदलला. पीठ जाड ठेवलं, मग वस्त्रगाळ केलं. पाणी वाढवलं. तूप आधी घातलं, नंतर घातलं.

"अगं, भाजताना वास घ्यायचा," रचना म्हणाली. "वास आला की उतरायचं."

"कसला वास?"

"भाजल्याचा!"

"तो तर भाजायला घेतल्यापासून येतो."

"तुला जो नवरा मिळंल ना, त्याच्या आईला मी आत्ताच जाऊन सांगून येते."

मग तिनेच सुचवलं, "थोडं ताक घाल. आमच्यात घालतात." मी ताक घातलं आणि चमचा तोंडात घालून थांबले. जवळ आलं होतं. मागून येणारी ती किंचित आंबट, तुरट चव बरीचशी तशीच होती. त्या दिवशी मला शोध लागल्यासारखं वाटलं. संध्याकाळी भांडी घासताना लक्षात आलं की हे शक्यच नाही. डाळी-कडधान्यात कच्चं दूध, दही, ताक मिसळलेलं आमच्यात चालत नाही. त्याला द्विदल म्हणतात, त्यात जीव उत्पन्न होतात असं मानतात. आईने माझ्या जन्माच्या आधीपासून द्विदल पाळलं होतं. म्हणजे तिच्या माडग्यात ताक असणार नव्हतं. ती चव ताकाने येत असली तरी आईची ताकाने येत नव्हती.

चातुर्मासात आई चिकोडीकडच्या एका गावी मुक्कामाला होती. मी रविवारी बसने गेले. मंदिराच्या मागच्या सभागृहात चटईवर त्या तिघी बसल्या होत्या: थोरल्या माताजी, आणखी एक आणि आई. डोक्यावर अर्धं बोट केस आले होते. मी वाकून वंदामि म्हटलं. आईने पिंछी उचलून आशीर्वाद दिला. बाकीच्यांना दिला तसाच.

काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघालं, "हुलगे किती भाजायचे? माडग्याला?"

आईने पिंछीची पिसं सरळ केली. बोलल्या त्या थोरल्या माताजी. रागाने नाही, लहान मुलीला सांगावं तसं. "भोजनकथा नको, बाळ."

खाण्यापिण्याच्या गप्पा, स्त्रियांच्या, देशाच्या, राजाच्या, या चार गप्पा साधूंना वर्ज्य असतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी "बरं" म्हटलं. आई खाली बघत होती. तिला उत्तर द्यायचं होतं की नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरून ठरवता आलं नाही. येताना बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली.

माघात आप्पांचा फोन आला. "माताजींचा संघ आपल्या गावाला येतोय. दोन दिवस मुक्काम हाय. घरात चौका लावायचा म्हनतोय. येनार न्हवं?"

चौका लावायचा म्हणजे साधूंसाठी सगळे नियम पाळून सोवळ्यात स्वयंपाक करायचा आणि दारात उभं राहून त्यांना बोलवायचं. ते आले तर आपल्या हाताने त्यांच्या ओंजळीत घास द्यायचा.

"येते," मी म्हटलं. रजेचा अर्ज लिहीत असतानाच मी ठरवलं होतं की मी माडगं करणार. आईला खाण्याबद्दल बोलता येत नाही, पण खाता येतं. माझ्या हातचा एक घास तिच्या तोंडात गेला की मला तिच्या चेहऱ्यावरून कळेल, अशी माझी समजूत होती. काय कळेल, ते मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. बरोबर झालंय की नाही, इतकं तरी कळेल.

आमचं गाव निपाणीपासून आत आहे. आजूबाजूला तंबाखू, अलीकडे सोयाबीन. आई गेल्यापासून अक्काताई आत्या आमच्याकडेच राहते. मी पोहोचले तेव्हा ती विहिरीवरून आणलेलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळत होती. बोअरचं पाणी चालत नाही. फडक्यात जे राहतं ते परत त्याच विहिरीत नेऊन सोडायचं, त्यातले जीव मरू नयेत म्हणून. मिक्सर चालत नाही, म्हणून तिने माळ्यावरचं जातं काढून धुऊन ठेवलं होतं.

"काय करनार हाईस तू?"

"माडगं."

"हुलग्याचं? अगं, लोक काजू-बदाम घालून करतात."

"मला माडगं येतं."

"बरं बाई. पन निवडून घे. नीट बघून निवड. एक किडा सापडला ओंजळीत तर सगळं संपलं."

हे मला लहानपणापासून माहीत होतं. जेवताना घासात केस किंवा किडा सापडला, किंवा कुणाच्या रडण्याचा आवाज कानावर आला, तर साधू तिथेच आहार सोडतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. याला अंतराय म्हणतात. म्हणून त्यांचा अंगठा प्रत्येक घासातून फिरत असतो.

संध्याकाळी संघाबरोबरच्या ब्रह्मचारिणी दीदी घरोघर सांगत आल्या की कोणत्या माताजींचा कशाचा त्याग आहे. त्या दारातूनच बोलल्या. "धाकट्या माताजींना मीठ नाही, तेल नाही. साखर, गूळ नाही."

धाकट्या माताजी म्हणजे आई.

"गूळ पण नाही?" मी विचारलं.

"दीक्षेपासूनच नाही."

मी आत जाऊन निवडलेल्या हुलग्यांसमोर बसले. इतके महिने मी बदलत आलेल्या गोष्टींतल्या बहुतेक सगळ्या एकदम बाद झाल्या होत्या. आता उरलं होतं पीठ, पाणी आणि चमचाभर तूप. म्हणजे उरलं होतं फक्त भाजणं.

पहिल्या दिवशी सकाळी गल्लीत दोन्ही बाजूंनी दारादारांत लोक उभे राहिले. सोवळ्यातले कपडे, हातात कलश आणि नारळ. कारण आणखी एक गोष्ट असते: आहाराला निघण्याआधी साधू मनात एक अट धरतात आणि ती कुणाला सांगत नाहीत. अमुक फळ हातात घेतलेलं माणूस दिसलं, किंवा जोडीने उभे असलेले नवरा-बायको दिसले, तर तिथेच थांबायचं. मनातलं कुठेच दिसलं नाही तर तसंच परत जायचं, त्या दिवशी उपवास. त्यामुळे गल्लीत अंदाज चालू होते.

"डाळिंब धरा ओ काकू. परवा तिकडं डाळिंबावर थांबल्या म्हनं."

"त्या थोरल्या हो. ह्यांचं येगळं असतंय."

"मग तुम्ही काय धरलंय?"

"ऊस. ऊस कुनी धरत न्हाय."

"चरकच आना की मग!"

आत्या आमच्या उंबऱ्यात कलश घेऊन उभी होती, तिच्या एका बाजूला आप्पा, एका बाजूला मी. ती पुटपुटली, "जोडीनं उभं ऱ्हायचं म्हटलं तर आमच्यात जोडी कुठनं आनायची?" मग आप्पाच हसले आणि आत्याने पदर तोंडाला लावला.

आई आमच्या घरापर्यंत आलीच नाही. खालच्या गल्लीत कुणाच्या तरी दारात थांबली. ते माडगं आम्ही दुपारी गुरांच्या आंबोणात ओतलं. बिनमिठाचं, बिनगुळाचं ते कुणालाच नको होतं. मी चाखलं होतं. भाजणं कमी पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हुलगे जास्त वेळ, मंद आचेवर भाजले. टरफलं तडकायला लागल्यावरही थांबले नाही, रंग जरा गडद होईपर्यंत भाजले. आत्याबरोबर जात्यावर बसले. पीठ चाळलं. वाफ आली तेव्हा पहिल्यांदा तो वास ओळखीचा वाटला. नक्की ओळखीचा होता की मला तसा हवा होता, हे सांगता येणार नाही. संघ दुपारी पुढे निघणार होता, तेव्हा ही शेवटचीच वेळ होती.

आई आमच्या गल्लीत आली. उजव्या हाताची बोटं खांद्यावर टेकवलेली, नजर पुढच्या जमिनीवर. आहाराला निघालेल्या साधूची चालण्याची रीत तीच असते. आम्ही तिघांनी एकदम म्हटलं, "हे माताजी, वंदामि, वंदामि, वंदामि. अत्र, अत्र, अत्र. तिष्ठ, तिष्ठ, तिष्ठ."

तिने मान जराशी वर केली. माझ्या हातातला नारळ बघितला, आत्याचा कलश बघितला, आप्पांचे जोडलेले हात बघितले. मग पुढे चालू लागली. पावलं हळू झाली नाहीत आणि भरभरही पडली नाहीत.

दोन घरं सोडून सन्मतीकाकांच्या दारात ती थांबली. काकांना इतका आनंद झाला की ते मंत्रच विसरले आणि म्हणाले, "या, या, बसा!" काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं. मग दोघांनी तीन प्रदक्षिणा घातल्या आणि तिला आत नेलं.

"मुद्दाम केलं काय?" आत्या हलक्या आवाजात म्हणाली.

"मुद्दाम कशाला करंल?" आप्पा म्हणाले. "मनातलं आपल्या दारात दिसलं न्हाय, झालं."

आत्याने माझ्याकडे बघितलं. "उभी काय ऱ्हायलीस? माडगं घे. रांगेतलंच घर हाय, न्हेता येतंय. रस्ता वलांडायला लागला असता तर न्हाय."

हाही नियम आहे. एका सरळ रांगेतल्या जवळच्या घरांतून आणलेलं अन्न चालतं. मी भांडं झाकून घेतलं आणि सोवळ्यातच आत्याबरोबर निघाले. आप्पा उंबऱ्यातच थांबले. "मी हितंच बरा हाय," ते म्हणाले. "मला दम निघायचा न्हाय. माझ्यापायी उपाशी जाईल." मला मात्र कुणी थांब म्हणालं नाही. मी रडणार नाही याची सगळ्यांना खात्री होती.

काकांच्या माजघरात आई पाटावर बसली होती. समोर परात. आत जाताना प्रत्येकाला म्हणावं लागतं: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. मीही म्हटलं. पाणी आणि अन्न शुद्ध होतं, अंघोळ केली होती. मनाची तपासणी कशी करतात हे मला माहीत नाही.

काकूंनी भात आणि मुगाचं पाणी दिलं. आत्याने भाकरीचा कुस्करा दिला. आईचा अंगठा घासातून फिरायचा, मग ओंजळ तोंडाकडे जायची, मग परत खाली यायची. बोटं बारीक झाली होती. तळव्याला शितं चिकटली होती. ती अगदी सारखी चावत होती, भात असो की भाकरी.

मग आत्याने मला पुढे ढकललं. मी गुडघ्यावर बसले, भांड्यात पळी बुडवली आणि वर काढली. ओंजळ माझ्यासमोर होती, रिकामी.

खिडकीतून आलेलं ऊन पळीवर पडलं आणि कडेला मला एक काळा ठिपका दिसला.

हुलग्याच्या टरफलाचा जळका तुकडा असू शकत होता. आज मी जास्त भाजले होते. पण ठिपका लांबट होता आणि त्याच्या एका बाजूला दोन बारीक रेघा होत्या. पाय असू शकत होते, टरफलाच्या चिरा असू शकत होत्या. प्रयोगशाळेत मी तो काचेवर घेऊन भिंगाखाली धरला असता. इथे ओंजळ थांबली होती. पळीत एक असेल तर भांड्यातही असणार, म्हणजे दुसरी पळी भरण्यात अर्थ नव्हता. टरफल असेल तर काही बिघडत नव्हतं. किडा असेल तर तो तिच्या अंगठ्याला सापडेल, ती हात सोडून उठेल, आणि दुपारी उन्हात तशीच चालू लागेल. आतापर्यंत तिच्या पोटात चार-पाच घास गेले होते.

"दे की गं," आत्या कुजबुजली.

मी पळी परत भांड्यात सोडली आणि झाकण ठेवलं. मान हलवली. काकूंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग दुधीची भाजी घेऊन माझ्या खांद्यावरून हात पुढे केला. ओंजळ भरली. आईने मान वर केली नाही. अंगठा फिरला, ओंजळ वर गेली.

मी भिंतीकडे सरकले. तिथून मला तिचं जेवण शेवटपर्यंत दिसलं. पोटभर जेवली. शेवटी पाणी घेतलं आणि हात सोडले. अंतराय झाला नाही म्हणून सगळ्यांनी जयजयकार केला. सन्मतीकाका डोळे पुसत होते. आता रडायला हरकत नव्हती.

घरी येऊन मी मागच्या दारातल्या उजेडात बसले. पळी पुन्हा पुन्हा भरून तो ठिपका शोधला, बोटावर घेतला, पाण्याने धुतला, नखाने दाबला. तुटला. आत काही नव्हतं.

आत्या वरून बघत होती. "काय हुतं?"

"टरफल."

"टरफल!" ती म्हणाली. चुलीकडे जाऊन लाकडं मागे ओढली. "वर्षाभरात काय मिळालं असतं तर ते एवढंच हुतं गं तुला."

आप्पा दारात येऊन उभे होते. सगळं ऐकून म्हणाले, "बरं केलंस." मग म्हणाले, "मला दे ते. भूक लागलीय."

मी वाटीत माडगं दिलं. मीठ आणि गूळ पुढे ठेवला. त्यांनी काही घेतलं नाही, तसंच खाल्लं.

"भाजणं कसं झालंय?"

"चांगलं झालंय की."

"आईचं असंच असायचं?"

आप्पांनी वाटीत बघितलं. आठवायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला, हे दिसत होतं. "मला कुठलं आठवाय?" ते म्हणाले. "मी जेवताना पेपर वाचत हुतो."

मग मीही वाटीभर खाल्लं. चव काय आहे हे मला नीट सांगता आलं असतं: भाजलेली, तुरट, शेवटी किंचित आंबट. तीच होती का, हे सांगायला या घरात कुणी नव्हतं.

दुपारी संघ निघाला. निम्मा गाव वेशीपर्यंत पोहोचवायला चालत होता. बायका माताजींच्या मागे, थोडं अंतर ठेवून. चालताना आई एकेकीशी दोन शब्द बोलत होती, दर्शनाला आलेल्या कुणाशीही माताजी बोलतात तसं. माझ्यापाशी आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, सरळ.

"रात्री जेवतेस?"

आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. निदान जेवू नये असं आहे. हा प्रश्न माताजी सगळ्यांना विचारतात.

"हो," मी म्हटलं. "कामावरून यायलाच सात वाजतात. मग करते."

"स्वतः करतेस?"

"हो."

"सूर्य मावळायच्या आत जेवायचा नियम घे."

"रोज नाही जमणार," मी म्हटलं. "रविवारी जमेल."

"रविवारी तर रविवारी," आई म्हणाली. तिने पिंछी उचलून माझ्या डोक्याजवळ धरली, मग पलीकडे चालणाऱ्या सन्मतीकाकांच्या सुनेकडे वळली.

"तुम्ही रात्री जेवता?"

"न्हाय माताजी. लग्न झाल्यापासून सोडलंय."

"चांगलं," आई म्हणाली, आणि पुढच्या बाईकडे गेली.